घरी चालतं, वर्गात अडतं: ऑनलाइन साधनं ऐन तासाला बंद पडतात तेव्हा

तक्रार बहुतेक वेळा त्याच शब्दांत येते. "काल रात्री सगळं तपासलं होतं, नीट चालत होतं. आज वर्गात लिंक पाठवली आणि कुणालाच उघडेना." पुढच्या खेपेला लिंक उघडते, पण व्हिडिओचा आवाज मुलांपर्यंत पोहोचत नाही. त्यानंतर कधीतरी ऑनलाइन चाचणीत बरोबर उत्तराला शून्य गुण पडतात. असं दोन-तीनदा झालं की बाई किंवा सर पुन्हा फळ्याकडे वळतात आणि म्हणतात, "हे आपल्याला जमणारं नाही."

फळ्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण "आपल्याला जमत नाही" हे निदान चुकीचं आहे, आणि निदान चुकल्यामुळेच अडचण परत परत उभी राहते. सहकाऱ्यांच्या अशा अडचणी मी बरीच वर्षं सोडवत आले आहे. वरवर त्या वेगवेगळ्या दिसतात, पण मूळ बहुधा एकच असतं. शिक्षकांनी सगळं तपासलेलं असतं ते स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या लॅपटॉपवर, घरच्या इंटरनेटवर. म्हणजे त्या फाइलचे मालक म्हणून. मालकाला कुठलंच दार बंद नसतं, त्यामुळे बंद दारं त्याला दिसतच नाहीत. मुलं त्याच फाइलकडे बाहेरून येतात. तपासणी बाहेरून करायला शिकलात की यातल्या निम्म्याहून अधिक अडचणी वर्गात जायच्या आधीच हाती लागतात.

आधी विचारा: कुणाला अडतंय?

वर्गात काही बंद पडलं की पहिला हात सेटिंग्जकडे जातो. तो थांबवा आणि मुलांना विचारा, "हे सगळ्यांना होतंय की काही जणांना?" सगळ्यांनाच अडत असेल तर कारण बहुधा तुमच्या बाजूला आहे: लिंक, परवानगी किंवा एखादं सेटिंग. चार-पाच जणांनाच अडत असेल तर तुमचं काम बहुधा बरोबर आहे, गडबड त्यांच्या खात्यात किंवा फोनमध्ये आहे. अशा वेळी तुम्ही घाईघाईनं सेटिंग्ज बदललीत, तर ज्यांचं चालू होतं त्यांचंही बंद पडायचं. आणि मुलांकडे सगळं ठीक असून फक्त तुमच्याच पडद्यावर घोळ असेल, तर यंत्र, जोडणी आणि आवाज एवढ्याच गोष्टी बघायच्या.

लगेच दुसरा प्रश्न: "पडद्यावर काय लिहून आलंय, मोठ्यानं वाच." "उघडत नाही" यातून काहीच कळत नाही. परवानगी मागणारा संदेश, "तुम्ही आधीच उत्तर दिलं आहे" असा संदेश आणि नुसतं कोरं पान, या तिन्हींची कारणं निराळी आहेत. संदेशाचे शब्द जसेच्या तसे ऐकले की निदान बऱ्याचदा तिथेच होतं. मुलांनाही ही सवय लावा. "सर, चालत नाहीये" ऐवजी "सर, ॲक्सेस मागतंय" असं सांगणारा विद्यार्थी तुमचा बराच वेळ वाचवतो.

सगळ्यांनाच अडत असेल तर

इथे सर्वांत आधी संशय घ्यावा तो परवानगीचा. गूगल ड्राइव्हवर तुम्ही नवीन फाइल बनवता तेव्हा ती सुरुवातीला 'रिस्ट्रिक्टेड' असते, म्हणजे फक्त तुम्हाला आणि तुम्ही नावानं जोडलेल्यांनाच उघडते. लिंक कॉपी करून पाठवली तरी हे बदलत नाही. 'शेअर' दाबून खालच्या 'जनरल ॲक्सेस'मध्ये 'एनीवन विथ द लिंक' निवडावं लागतं आणि शेजारी 'व्ह्यूअर' ठेवावं लागतं. तिथे चुकून 'एडिटर' राहिलं तर लिंक मिळालेल्या कुणालाही तुमची मूळ फाइल बदलता येते. हे निवडण्याआधी फाइलमध्ये मुलांची नावं किंवा गुण नाहीत ना, तेवढं बघा. तसं काही असेल तर ती फाइल सगळ्यांसाठी खुली करूच नका.

यातली एक गुंतागुंत फार जणांना चकवते. तीच फाइल गूगल क्लासरूममधून, म्हणजे वर्गाचं काम ऑनलाइन वाटण्याच्या साधनातून, दिली तर मुलांना उघडते, आणि व्हॉट्सॲपवर लिंक टाकली तर उघडत नाही. कारण सरळ आहे. क्लासरूममध्ये फाइल जोडली की त्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना ती बघायची परवानगी क्लासरूम स्वतःच देतं. व्हॉट्सॲप तसं काही करत नाही, ते फक्त पत्ता पोहोचवतं. त्यामुळे "मागच्या वेळी चाललं होतं" हा अनुभव खरा असतो आणि तरीही या वेळी उपयोगी पडत नाही.

शाळेनं दिलेल्या खात्यातून काम करत असाल तर आणखी एक पर्याय दिसतो: शाळेच्या खात्यांपुरतीच लिंक खुली ठेवण्याचा. तो सुरक्षित आहे, पण मूल पालकांच्या खासगी खात्यातून आलं तर बाहेरच राहील. सगळी मुलं शाळेच्या खात्यातूनच येतात याची खात्री असेल तेव्हाच तो निवडा.

क्लासरूममध्ये कार्यपत्रिका देताना एक निवड असते: विद्यार्थी फक्त बघतील, सगळे मिळून एकच फाइल बदलतील, की प्रत्येकाला वेगळी प्रत मिळेल. प्रत्येकानं आपापली सोडवायची असेल तर तिसरा पर्याय हवा, आणि तो असाइनमेंट पाठवण्यापूर्वीच निवडावा लागतो. पाठवल्यानंतर बदलता येत नाही. चुकलं असेल तर दुरुस्त करत बसू नका, ती काढून नवीन असाइनमेंट पाठवा.

आता गूगल फॉर्म. चाचणीसाठी शिक्षक सर्वांत जास्त हेच वापरतात, म्हणून इथे थोडं थांबते. पहिली गोष्ट लिंकची. फॉर्म तयार करताना वरच्या पट्टीत जो पत्ता दिसतो तो बनवणाऱ्यासाठी असतो. मुलांना द्यायची लिंक फॉर्ममधूनच घ्यायची, पट्टीतून उचलायची नाही. हल्ली नवा फॉर्म आधी 'पब्लिश' करावा लागतो, आणि उत्तर कोण देऊ शकेल हेही तिथेच ठरतं. ती पायरी राहिली तर प्रश्न कितीही छान काढलेले असले तरी मुलांना उत्तर देता येत नाही.

दुसरी गोष्ट लॉगिनची. फॉर्म मुलांना लॉगिन करायला लावतो आणि शिक्षकांना वाटतं की आपण तर असं काही सांगितलंच नव्हतं. सांगितलेलं असतं, पण वेगळ्या नावानं. 'लिमिट टू वन रिस्पॉन्स' सुरू केलं की लॉगिन लागतंच, कारण एका माणसानं एकदाच उत्तर दिलं हे फॉर्मला खात्यावरूनच कळतं. उत्तर म्हणून फोटो किंवा फाइल मागितली तरी लॉगिन लागतं. ईमेल गोळा करताना 'व्हेरिफाइड' निवडलं तरी लागतं. तिथेच 'रिस्पॉन्डर इनपुट' निवडलं तर मूल ईमेल हातानं लिहितं आणि लॉगिनची गरज उरत नाही. आणखी एक छुपं कारण म्हणजे क्विझचे गुण "नंतर, तपासल्यावर" जाहीर करायचं ठरवलं की ईमेल गोळा करणं आपोआप सुरू होतं. तुम्ही गुणांचं सेटिंग बदललेलं असतं, आणि परिणाम मात्र फॉर्मच्या दारावर दिसतो.

माझं मत असं की लहान वर्गांसाठी लॉगिन लागेल असं काहीही ठेवू नये. पहिला प्रश्न नाव आणि दुसरा हजेरी क्रमांक, एवढं पुरतं. एखाद्यानं दोनदा उत्तर पाठवलं तर यादीत ते लगेच दिसतं, एक काढून टाका. परीक्षेइतकी काटेकोर नोंद हवी असेल तेव्हाच लॉगिनचा खटाटोप.

बरोबर उत्तराला शून्य पडण्याचा प्रकारही इथलाच. लघुत्तराच्या प्रश्नात फॉर्म अर्थ तपासत नाही, अक्षरं जुळवतो. उत्तरसूचीत तुम्ही 'अन्नसाखळी' लिहिलंत आणि मुलानं 'अन्न साखळी' असं तोडून लिहिलं तर गुण गेला. गणितात याहून नेहमीचा घोळ आकड्यांचा. तुम्ही देवनागरीत '२५' लिहिता, मूल फोनच्या कीबोर्डवरून इंग्रजी आकड्यांत तेच लिहितं, आणि फॉर्मच्या लेखी ती दोन वेगळी उत्तरं ठरतात. उत्तरसूचीत एकाहून जास्त बरोबर उत्तरं भरता येतात, त्यामुळे संभाव्य लेखनं सगळी भरून ठेवा. नाहीतर असा प्रश्न बहुपर्यायी करा. मुलाच्या हातून बरोबर आलेलं उत्तर यंत्रानं चूक म्हणावं आणि ते मूल गप्प बसावं, हे मला फार लागतं. म्हणून निकाल दाखवण्यापूर्वी लघुत्तरांवरून एकदा स्वतः नजर फिरवाच.

काही जणांनाच अडत असेल तर

यात बहुतेकदा खात्यांची सरमिसळ निघते. एकाच ब्राउझरमध्ये दोन-तीन खाती उघडी असतात, आणि लिंक त्यातल्या पहिल्या खात्यातून उघडायला जाते. त्या खात्याला परवानगी नसते, म्हणून मुलाला नकार मिळतो. वर उजव्या कोपऱ्यातल्या गोलावर दाबून कुठलं खातं सुरू आहे ते बघायचं आणि योग्य खात्यावर जायचं. फरक पडला नाही तर सगळ्या खात्यांतून बाहेर पडून फक्त शाळेच्या खात्यानं आत यायचं. हाच गोल शिक्षकांनीही नवीन फॉर्म बनवण्यापूर्वी बघावा. वर्ग शाळेच्या खात्यात आणि फॉर्म खासगी खात्यात अशी फाटाफूट झाली की पुढे सापडता सापडत नाही. क्रोममध्ये शाळेसाठी वेगळं प्रोफाइल करून ठेवलं की हा प्रश्न जवळजवळ मिटतो.

मुलांच्या हाती पालकांचा फोन असेल तर वेगळंच घडतं. फोनवर आईचं खातं सुरू असतं, म्हणून उत्तरांच्या यादीत मुलांऐवजी पालकांचे ईमेल येतात. दोन मैत्रिणी एकाच फोनवरून चाचणी द्यायला बसल्या तर पहिलीचं उत्तर जातं आणि दुसरीला "तुम्ही आधीच उत्तर दिलं आहे" असं दिसतं. ती घाबरते. तिला वाटतं, आपल्या हातून काहीतरी बिघडलं. खरं तर एक उत्तराची मर्यादा त्या खात्यावर आहे, त्या मुलीवर नाही. मर्यादा काढा आणि तिला लगेच सांगा की तिचं काही चुकलेलं नाही.

एखाद्याच मुलाला जुनंच पान दिसत राहत असेल तर ते पुन्हा ताजं करायला सांगा. संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबले की ब्राउझर साठवलेली प्रत बाजूला ठेवून पान नव्यानं आणतो.

मजकूर काही जणांना नीट आणि काही जणांना चित्रविचित्र खुणांसारखा दिसत असेल, तर तो जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या फाँटमधलं लेखन तो फाँट ज्या यंत्रावर आहे तिथेच वाचता येतं. फोनवर तो नसतो. तातडीचा उपाय म्हणजे फाइल पीडीएफ करून पाठवणं, कारण पीडीएफमध्ये बहुधा फाँट सोबत जातो. कायमचा उपाय युनिकोड टायपिंग, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणारं टायपिंग. जुन्या प्रश्नपत्रिका एकदा युनिकोडमध्ये आणून ठेवल्यात तर त्या शोधताही येतात आणि फॉर्ममध्ये चिकटवताही येतात.

फक्त तुमच्याकडेच अडत असेल तर

आवाज हा यातला सर्वांत त्रासदायक भाग. ऑनलाइन तासाला तुम्ही पडदा शेअर करून व्हिडिओ लावता, तुम्हाला तो ऐकू येतो, मुलांना मात्र मूकपट दिसतो. झूममध्ये शेअर करण्याच्या खिडकीत खाली 'शेअर साउंड'ची चौकट असते, तिच्यावर खूण करायची. गूगल मीटमध्ये व्हिडिओ ज्या टॅबमध्ये आहे तो टॅबच शेअर करायचा आणि टॅबचा आवाज शेअर करण्याचं बटण सुरू आहे ना ते बघायचं. नुसती खिडकी शेअर केली तर बऱ्याचदा चित्र जातं, आवाज राहतो.

तुमचा स्वतःचा आवाजच जात नसेल तर पत्त्याच्या पट्टीत डावीकडे असलेल्या छोट्या चिन्हावर दाबा. माइकची परवानगी दिली आहे की नाकारली आहे, ते तिथे दिसतं. ती दिलेली असूनही आवाज जात नसेल तर दुसऱ्या एखाद्या ॲपनं माइक धरून ठेवला आहे का बघा आणि ते ॲप बंद करा. आवाज घुमत असेल तर बहुधा एकाच खोलीत दोन यंत्रं त्याच मीटिंगमध्ये सुरू आहेत, एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करा.

वर्गातल्या प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडला आणि चित्र आलं नाही, तर विंडोजवर खिडकीचं चिन्ह असलेलं बटण आणि पी एकत्र दाबा. 'ड्युप्लिकेट' निवडलं की तुमच्या आणि भिंतीवरच्या पडद्यावर सारखंच दिसतं. 'एक्स्टेंड' निवडलं तर मुलांना फक्त सादरीकरण दिसतं आणि तुमच्या नोंदी तुमच्यापाशीच राहतात. चित्र आलं पण लॅपटॉपचा आवाज गेला, तर एचडीएमआय जोडल्यावर आवाजही तिकडे वळला आहे असं समजा. खालच्या पट्टीतल्या स्पीकरच्या चिन्हावरून तो परत लॅपटॉपवर आणता येतो.

आणि तास मध्येच तुटत असेल तर आधी घड्याळ बघा. झूमच्या मोफत खात्यावर मीटिंग ४० मिनिटांनी संपते. मीटच्या मोफत खात्यावर तीन किंवा अधिक माणसं असतील तर ६० मिनिटांनी. हा बिघाड नाही, मर्यादा आहे. तास तेवढ्यात बसवा, किंवा तीच लिंक वापरून पुन्हा जमायचं हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

बाहेरून तपासायचं कसं

लिंक मुलांना पाठवण्यापूर्वी ब्राउझरची खासगी खिडकी उघडा. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एन. फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट, पी. या खिडकीत तुमचं खातं उघडं नसतं, म्हणून इथे तुम्ही परक्या माणसासारखे आहात. लिंक चिकटवा. फाइल उघडली तर मुलांनाही उघडेल. परवानगी मागितली तर ती आताच द्या. लॉगिन मागितलं तर तुम्हाला ते खरंच हवं आहे का, हे ठरवा.

मग तीच लिंक फोनवर उघडा. मुलं फोनवरच बघणार असतील तर लॅपटॉपवरची तपासणी अपुरी आहे. लॅपटॉपवर ऐसपैस दिसणारा तक्ता फोनवर वाचवत नाही, हे तिथेच कळतं. फॉर्म असेल तर स्वतः एकदा भरून पाठवा, उत्तर कुठे येतं आणि गुण कसे दिसतात ते बघा, मग ते उत्तर काढून टाका. क्लासरूमसाठी मात्र खासगी खिडकी पुरत नाही, कारण तिथे आत यायला खातं लागतंच. शाळेची खाती सांभाळणाऱ्यांकडे विद्यार्थ्याच्या प्रकारचं एक चाचणी खातं मागून घ्या आणि ते तुमच्या वर्गात विद्यार्थी म्हणून जोडा. ही मागणी अगदी रास्त आहे, संकोच करू नका.

शेवटची तपासणी शाळेच्या इंटरनेटवर. घरी चालणारी एखादी साइट शाळेच्या जाळ्यावर रोखलेली असू शकते, आणि एका वाय-फायवर अख्खा वर्ग एकदम आला की व्हिडिओ रखडतो. मोकळ्या तासाला वर्गात जाऊन तीच गोष्ट एकदा चालवून बघा. व्हिडिओ असेल तर तो मुलांच्या फोनवर न देता प्रोजेक्टरवर एकदाच लावा.

काही बिघडेल या भीतीचं काय?

अनेक शिक्षक नवीन बटणाला हात लावत नाहीत, कारण एकदा बिघडलं की परत येणार नाही असं त्यांना वाटतं. गूगल डॉक्समध्ये मुलांनी सगळा मजकूर पुसून टाकला तरी 'फाइल'मधल्या 'व्हर्जन हिस्टरी'त जाऊन आधीची स्थिती परत आणता येते, आणि कोणी काय बदललं तेही तिथे दिसतं. ड्राइव्हमधून उडवलेली फाइल ३० दिवस ट्रॅशमध्ये राहते. खरोखर परत न येणारी गोष्ट एक सांगते: फॉर्ममधली उत्तरं 'डिलीट' केली की फॉर्ममध्ये ती परत मिळत नाहीत. त्यासाठी सुरुवातीलाच फॉर्म गूगल शीट्सशी (गूगलच्या तक्त्यांच्या फाइलशी) जोडून ठेवा, म्हणजे प्रत तिथे राहील. एवढं माहीत असलं की बाकी ठिकाणी मोकळेपणानं हात चालवता येतो.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७मध्ये स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास कुठून येतो याची मांडणी केली. त्यात त्यांनी सर्वांत जास्त वजन दिलं ते स्वतः पार पाडलेल्या कामाच्या अनुभवाला. दुसऱ्याला करताना बघणं आणि इतरांनी धीर देणं यांचाही उपयोग होतो, पण कमी. शिक्षकांच्या प्रशिक्षणात नेमकं उलट घडताना मला दिसतं: एकजण पडद्यावर भराभरा दाखवतो, बाकीचे बघतात, शेवटी "जमेल तुम्हाला" म्हणून सगळे उठतात. म्हणून सहकाऱ्याला मदत करताना माउस आपल्या हातात घेऊ नका. त्यांनाच दाबू द्या, चुकू द्या, आणि तीच अडचण त्यांच्याच हातानं सुटू द्या. वेळ जास्त लागतो, पण पुढच्या खेपेला ते तुम्हाला न बोलावता ती सोडवतात.

त्याच कारणासाठी एका वेळी एकच साधन धरा. चाचणीला फॉर्म पक्का बसेपर्यंत दुसरं काही सुरू करू नका. आणि अडलेली प्रत्येक गोष्ट वहीत लिहा: पडद्यावर आलेले शब्द, कुणाला अडलं, कशानं सुटलं. अडचणी नव्या कमी आणि त्याच त्याच जास्त असतात, त्यामुळे ही वही लवकरच कामाला येते. वर्गात अडलं आणि दोन-तीन मिनिटांत सुटलं नाही, तर ते तिथेच सोडा आणि तोच प्रश्न फळ्यावर घ्या. त्यासाठी प्रश्नांची एक छापील प्रत जवळ असू द्या. शोध तासानंतर, शांतपणे.

तरीही सुटलं नाही आणि तांत्रिक मदत मागायची वेळ आली, तर "फॉर्म चालत नाही" एवढंच कळवू नका. पडद्याचा फोटो, वापरलेली लिंक, कुठल्या खात्यातून उघडली, फोनवर की संगणकावर, किती वाजता, सगळ्यांना की काहींना, आणि खासगी खिडकीत काय झालं, हे सगळं एकाच निरोपात लिहा. फोटोत मुलांची नावं किंवा ईमेल दिसत असतील तर ते आधी झाका.